सोळा आण्यांतले दहा आणे
(प्रस्तावना)

आमच्या घरात राणीछाप रुपयांची एक माळ आहे. आज तिच्यात अकरा रुपये उरलेत. प्रत्येकाच्या माथ्यावर डाखाने बसवलेली कडी, कड्यांतून ओवलेला काळा गोफ, आणि मधोमध 1862 सालचा एक रुपया. त्यावरच्या राणीच्या गालाचा उंचवटा घासून सपाट झालाय, पण मुकुटाखालची वेणी अजून बोटाला लागते. माझ्या आजीला ही माळ तिच्या सासूकडून मिळाली. त्याआधी म्हणे माळेत एकवीस रुपये होते.

दहा गेले ते छपन्नच्या दुष्काळात. संवत 1956, म्हणजे इंग्रजी 1899 ची पावसाळी ओढ आणि पुढचं 1900 साल. खानदेशात त्या दुष्काळाचं नाव काढलं की जुनी माणसं आजही थोडी थांबून बोलतात. शेतसारा द्यायचा होता, पोटाला ज्वारी घ्यायची होती. आजीच्या सासूने आधी पायातले चांदीचे तोडे मोडले, मग माळेचे दहा रुपये काढून कड्या कापल्या. सावकाराने त्या डागी रुपयांना बट्टा लावला, पण घेतले ते रुपये म्हणूनच. तोडे मात्र निव्वळ चांदीच्या भावाने गेले आणि तोळ्यामागे जेमतेम दहा आणे हाती पडले. माळेतला रुपया वजनाने तोळाभरच, आणि तोड्यांची चांदीही त्याच्याहून हलकी नव्हती. आजी हे सांगताना प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणायची : "चांदी तीच शे, भाव मातर दोन."

हे पुस्तक त्या वाक्याचा अर्थ लावण्यासाठी लिहिलं आहे. अर्थ लावता लावता मला धुळ्याच्या देवपुरातून लंडनपर्यंत जावं लागलं. आजीच्या वाक्यातला तो दुसरा भाव आमच्या पांझरा नदीच्या काठावर ठरलेलाच नव्हता. तो ठरला होता सोनं खरं की चांदी खरी या वादात, आणि तो वाद इंग्लंडात जवळपास दोनशे वर्षं चालला होता.

आधी आजीचं गणित सोडवू. कंपनी सरकारने 1835 च्या कायद्याने जो एकसारखा रुपया पाडला, त्याचं वजन 180 ग्रेन, आणि त्यातली शुद्ध चांदी 165 ग्रेन. त्याआधी आपल्या भागात किती तऱ्हेचे रुपये फिरत होते! चांदवडच्या टाकसाळीतला चांदवडी, बऱ्हाणपुरी, सुरती, अंकुशी. प्रत्येकाचा कस वेगळा, प्रत्येकाला वेगळा बट्टा, आणि म्हणून प्रत्येक पेठेत पोतदार आणि सराफ. 'बट्टा लागणे', 'बंदा रुपया', 'वाजवून घेणे' हे आपण आज माणसांबद्दल बोलतो, ते सगळं याच व्यवहारातून आलेलं आहे. कंपनीचा हा कलदार रुपया आला आणि ही कटकट संपली. शिवाय एक मोठी सोय झाली. कोणीही चांदी घेऊन सरकारी टाकसाळीत जावं, सुमारे दोन टक्के पाडणावळ द्यावी आणि रुपये घेऊन यावं. खेड्यातली बाई काही मुंबईच्या टाकसाळीत जात नव्हती. पण सराफ तिथे जाऊ शकत होता, त्यामुळे तोडे आणि रुपये यांच्या भावात फारसं अंतर पडूच शकत नव्हतं. अंगावरचा दागिना म्हणजे न पाडलेले रुपयेच. शेतकऱ्याची बँक बाईच्या पायात असायची, ती या भरवशावर.

26 जून 1893 रोजी सरकारने हिंदुस्थानच्या टाकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. त्या दिवशी तोडे आणि रुपया यांचं नातं तुटलं. पुढे रुपयाची किंमत 16 पेन्सला नेऊन बांधली गेली. सोळा आणे आणि सोळा पेन्स, म्हणजे आण्याला एक पेनी, हिशेब सोपा. पण 1899 मध्ये लंडनच्या बाजारात चांदीचा भाव औंसाला साधारण 27 पेन्स होता. त्या भावाने रुपयातल्या 165 ग्रेन चांदीची किंमत करून पाहा. दहा पेन्सच्या थोडी वर येते, म्हणजे दहा आणे. सोळा आण्यांच्या रुपयात दहा आण्यांची चांदी, वरचे सहा आणे सरकारी शिक्क्याचे. आजीच्या सासूच्या तोड्यांना तो शिक्का नव्हता. मी हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला आणि उत्तर दहा आलं, तेव्हा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसलो होतो. शाळेचं तोंड न पाहिलेल्या घरात तो आकडा तीन पिढ्या बिनचूक टिकून राहिला होता.

आता लंडनकडे. सतराव्या शतकात आपल्या धरणगावला इंग्रजांची वखार होती. खानदेशचं कापड ते घेत, आणि त्याच्या बदल्यात त्यांच्याकडे देण्यासारखा माल फारसा नव्हता. ते चांदी आणत. अमेरिकेतल्या स्पॅनिश खाणींतून निघालेली चांदी युरोपातून फिरत फिरत सुरतेला आणि तिथून तापीच्या खोऱ्यात येई. इंग्लंडातून चांदी अशी पूर्वेकडे वाहत होती, आणि तिथली चांदीची नाणी कड कातरून कातरून हलकी होत चालली होती. 1696 मध्ये ती सगळी पुन्हा पाडायचं ठरलं. त्याआधी दोन माणसांत कडाक्याचा वाद झाला. तिजोरीचा चिटणीस विल्यम लाउंड्स म्हणत होता, नाण्यातली चांदी कमी करा, लोक तसंही हलक्याच नाण्यांनी व्यवहार करताहेत. तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणत होता, शिलिंग म्हणजे ठरलेलं वजन, ते बदलणं म्हणजे धनकोची फसवणूक. लॉकचं म्हणणं चाललं. नवी भरवजनी चांदीची नाणी पाडली आणि ती निम्मीशिम्मी वितळून बाहेरदेशी गेली, कारण नाण्यापेक्षा धातूला बाहेर जास्त भाव होता.

इंग्लंडच्या टाकसाळीचा प्रमुख होता आयझॅक न्यूटन. सफरचंदाच्या गोष्टीतला न्यूटन आपल्याला शाळेपासून माहीत असतो. नाणी कातरणाऱ्यांना पकडणारा, युरोपभरच्या नाण्यांचा कस लावून तक्ते करणारा न्यूटन क्वचितच कुणी सांगतं. 1717 मध्ये त्याच्या अहवालावरून गिनी या सोन्याच्या नाण्याची किंमत 21 शिलिंग ठरली. न्यूटनला ठाऊक होतं की हाही भाव सोन्याला थोडा जास्तच आहे. पण तो तसाच राहिला. सोनं इंग्लंडात महाग आणि चांदी स्वस्त, म्हणून सोनं आत येत राहिलं, चांदी बाहेर जात राहिली. इंग्लंड सुवर्णचलनाचा देश झाला तो कोणी तसा ठराव केला म्हणून नव्हे, एका भावाच्या चुकीतून. कायद्याने ते मान्य केलं शंभर वर्षांनी, 1816 मध्ये. नेपोलियनच्या लढायांत 1797 पासून बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं होतं, किमती चढल्या होत्या. 1810 च्या बुलियन समितीने आणि डेव्हिड रिकार्डोने बजावलं की दोष सोन्याचा नाही, वाढलेल्या नोटांचा आहे. 1816 च्या कायद्याने सोनं हेच प्रमाण ठरलं, पुढच्या वर्षी सॉव्हरिन हे सोन्याचं नाणं पाडलं गेलं आणि चांदीचं नाणं चाळीस शिलिंगांपर्यंतच्या देण्यापुरतं राहिलं. 1821 पासून नोटेला पुन्हा सोनं मिळू लागलं.

इथपर्यंतचा इतिहास इंग्लंडचा घरचा इतिहास आहे, आणि पुस्तकातही मी त्याला फार जागा दिलेली नाही. खरा पेच 1870 नंतरचा. त्याआधी जगाची वाटणी अशी होती : इंग्लंड सोन्यावर, हिंदुस्थान आणि चीन चांदीवर, आणि मध्ये फ्रान्स, ज्याच्या टाकसाळी साडेपंधरा तोळे चांदीला एक तोळा सोनं या ठरल्या प्रमाणात दोन्ही धातू घेत. फ्रान्स हा या दोन जगांमधला सराफ होता. तो होता तोवर पौंड आणि रुपया एकमेकांना पौंडाला सुमारे दहा रुपये या नात्याने बांधलेले होते. मग 1871 नंतर जर्मनीने सोनं स्वीकारलं आणि जुनी चांदी विकायला काढली. नेवाड्याच्या खाणींतून नवी चांदी येऊ लागली. अमेरिकेने 1873 च्या नाणेकायद्यात चांदीचा डॉलर वगळला. फ्रान्सने घाबरून चांदी पाडणं आधी मर्यादित केलं, पुढे थांबवलं. मधला सराफ दुकान बंद करून गेला आणि चांदी घसरू लागली.

सोन्याच्या देशांत तेव्हा किमती उतरत होत्या, 1896 पर्यंत उतरतच राहिल्या. ज्याने कर्ज दिलं होतं त्याचं फावलं, ज्याने घेतलं होतं त्याचं ओझं वाढलं. म्हणून इंग्लंडातच चांदीला परत आणा म्हणणारा पक्ष उभा राहिला, द्विधातुवाद्यांचा. 1881 मध्ये त्यांची संघटना झाली, आणि तिचं बळ होतं मँचेस्टरमध्ये. कारण सरळ होतं. लँकेशायरचं कापड विकत घेणारी गिऱ्हाइकं हिंदुस्थानात आणि चीनमध्ये होती, ती चांदीत पैसे देत होती, आणि चांदी दरवर्षी कमी पौंडांची होत होती. लंडनच्या सावकारी पेढ्या बहुतेक सोन्याच्या बाजूने. जग त्यांचं देणं सोन्यात लागत होतं. 1886 ते 1888 या काळात या वादावर शाही आयोग बसला. बारा सभासद, सहा इकडे, सहा तिकडे. अल्पमताचा अहवालच नाही, दोन्ही बाजू सारख्याच. चांदीच्या बाजूला सही करणाऱ्यांत आर्थर बाल्फर होते, जे पुढे पंतप्रधान झाले. अमेरिकेत हाच वाद 1896 च्या अध्यक्षीय निवडणुकीपर्यंत पेटला आणि चांदीच्या बाजूचे उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन त्यावर हरले.

शाही आयोगापुढच्या या सगळ्या साक्षी वाचताना मला एक गोष्ट सतत टोचत राहिली. मँचेस्टरचा गिरणीवाला बोलतो, लंडनचा पेढीवाला बोलतो, हिंदुस्थान सरकारचा अधिकारी बोलतो. तो अधिकारीही आपल्या पगाराबद्दल बोलतो, कारण रुपयांत मिळणारा पगार विलायतेत मुलांच्या शाळेसाठी पाठवायचा तर दरवर्षी कमी पडतो. ज्याची सारी शिल्लक चांदीत होती, तो बोलायला तिथे नव्हता.

हिंदुस्थान सरकारची अडचण मात्र खोटी नव्हती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. सरकारला दरवर्षी विलायतेत पौंडांत देणं भरायचं होतं : रेल्वेचं व्याज, कर्जं, पेन्शनं, लष्करी खर्च, इंडिया ऑफिसचा खर्च. 1873-74 मध्ये सुमारे एक कोटी 33 लाख पौंड पाठवायला सव्वाचौदा कोटी रुपये लागले होते. 1892-93 मध्ये एक कोटी 65 लाख पौंडांना साडेसव्वीस कोटी लागले. रुपया पडला नसता तर त्यातले पावणेनऊ कोटी वाचले असते. ते येणार कुठून? मिठावरच्या करातून आणि शेतसाऱ्यातूनच. म्हणून टाकसाळी बंद करणं ही निव्वळ लूट होती असं म्हणणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या लेखकांशी मी पूर्ण सहमत नाही. रुपया तसाच पडू दिला असता तर तो भारही आपल्याच माणसाच्या पाठीवर आला असता. माझा आक्षेप वेगळा आहे. देणं पौंडांत का असावं, इतकं का असावं, हा प्रश्न टाकसाळी बंद करण्याचा विचार करणाऱ्या लॉर्ड हर्शेल यांच्या समितीच्या कक्षेबाहेर ठेवला गेला. देणं अढळ धरलं आणि नाणं हलवलं.

टाकसाळी बंद झाल्याची बातमी लंडनला पोचताच चांदी काही दिवसांत 38 पेन्सवरून 30 च्या आसपास आली. खेड्यापाड्यांतल्या दागिन्यांची किंमत त्याच दिवसांत उतरली, बायांना न विचारता, न कळवता. मुंबईचे गिरणीमालक विरोधात होते. त्यांचं सूत चीनला जात होतं, चीन चांदीवरच राहिला होता, आणि रुपया चांदीपासून सुटून महाग झाला की ते सूत तिथे महाग पडणार होतं. या सुतात खानदेशचा कापूस होता, त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या कापूस पेठेलाही याची झळ लागणं चुकत नव्हतं. त्याच पेठेने तीस वर्षांपूर्वी, अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, कापसाचे स्वप्नवत भाव पाहिले होते. तेव्हा आलेली चांदी दागिन्यांच्या रूपाने घराघरांत साठली होती. मला वाटतं, आजीच्या सासूचे तोडे आणि 1862 सालचा तो रुपया दोन्ही त्या कापसाचेच असावेत. हे सिद्ध करणारा कागद घरात नाही, पण साल जुळतं.

पुढची पाच वर्षं सरकारने नवे रुपये जवळपास पाडलेच नाहीत. मुंबईच्या बाजारात पैशाची टंचाई झाली, रुपया दुर्मीळ करत करत 1898 मध्ये 16 पेन्सला चढवला गेला. 1899 मध्ये चलनाचा पुन्हा विचार करणाऱ्या फाउलर समितीच्या शिफारशीवरून सॉव्हरिन इथे पंधरा रुपयांना कायदेशीर चलन झाला. त्याच वर्षी पाऊस गेला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1902 च्या अर्थसंकल्पावरच्या भाषणात सरकारी शिलकीचं रहस्य उलगडताना हेच दाखवलं : रुपया महाग झाला, सारा तेवढ्याच रुपयांचा राहिला, म्हणजे कर न वाढवता वाढला. त्या भाषणाकडे आपण आज केवळ वक्तृत्वाचा नमुना म्हणून पाहतो. मला ते दुष्काळाच्या दोनच वर्षांनंतरचं भाषण म्हणून वाचावंसं वाटतं.

आणि आता डॉ. आंबेडकर. दरवर्षी 31 जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर माणसं जमतात. 1937 मध्ये कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब तिथे मुक्कामाला होते, त्याची ही आठवण. मी अनेक वर्षं जातो. पावसाने किल्ला हिरवा झालेला असतो, माणसं भाकरी बांधून कुटुंबकबिल्यासह येतात, पुस्तकांच्या पालांवर गर्दी असते. तिथे एका वर्षी एका तरुण मुलाने मला विचारलं, "बाबासाहेबांनी रुपयावर पुस्तक लिहिलंय म्हणतात, त्यात काय आहे?" मी बोलायला लागलो आणि पाच मिनिटांत अडलो. मराठीत हे नीट सांगता येईना. हे पुस्तक त्या अडण्यातून सुरू झालं.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' 1923 मध्ये लंडनला प्रसिद्ध झालं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला डी.एस्सी.चा तो प्रबंध. पुस्तक आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलेलं आहे. त्याची प्रस्तावना त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लिहिली, आणि त्या प्रस्तावनेत ते शिष्याशी असलेला मतभेद उघड नोंदवतात. मला प्रस्तावनेचा हा नमुना फार मोलाचा वाटतो.

मतभेद कशावर होता? 1893 नंतर हिंदुस्थानात जी व्यवस्था हळूहळू उभी राहिली, तिला सुवर्णविनिमय पद्धत म्हणतात. आत चांदीचा रुपया, बाहेरच्या देण्यासाठी लंडनमध्ये ठेवलेलं सोनं, आणि दोन्हींमधला दर सरकारने सांभाळायचा. जॉन मेनार्ड केन्स यांनी 1913 च्या आपल्या पुस्तकात तिची वाखाणणी केली होती. तरुण आंबेडकरांनी त्याच व्यवस्थेवर बोट ठेवलं. त्यांचा मुद्दा साध्या भाषेत असा : सरकार विनिमयाचा दर सांभाळतं म्हणजे रुपया सांभाळतं असं नव्हे. रुपयाची खरी किंमत म्हणजे त्यात मिळणारी ज्वारी आणि कापड. सरकारच्या हातात हवे तेवढे रुपये पाडण्याची मोकळीक राहिली, तर किमती चढतील आणि मजुरी मागे राहील. म्हणून रुपये पाडण्याला कायद्याने कायमची हद्द घाला. टाकसाळी बंद केल्या यावर त्यांचा राग नव्हता. खासगी माणसाला बंद झालेलं दार सरकारला उघडं राहिलं, यावर होता. पहिल्या महायुद्धात हे दार किती उघडं आहे ते दिसलं. सरकार रुपये पाडत राहिलं, आणि चांदी इतकी महागली की 1920 च्या सुरुवातीला रुपया 2 शिलिंग 10 पेन्सच्याही वर गेला. दोन शिलिंगांचा नवा दर सरकारने जाहीर केला आणि काही महिन्यांतच तो टिकेनासा झाला. हिंदुस्थानच्या चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे आंबेडकरांची साक्ष झाली डिसेंबर 1925 मध्ये. ती साक्ष मी या पुस्तकात सविस्तर उलगडली आहे, कारण प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारा यांच्यातली लढत तिथे सर्वांत उघडी दिसते.

लॉक आणि लाउंड्स यांच्यापासून आंबेडकरांपर्यंतचा हा धागा मला जसा सापडला तसा मी मांडला आहे. धातूबद्दल भांडणारे लोक बहुतेक वेळा धनको आणि ऋणको यांच्याबद्दल भांडत होते, हे मला हळूहळू कळलं. चांदीची बाजू गरिबाची आणि सोन्याची श्रीमंताची, असा सरळ हिशेब मी सुरुवातीला धरला होता. तो मोडला. चांदी घसरत असताना निर्यातीच्या कापसाला रुपयांत बरे पैसे मिळाले. रुपया चांदीपासून सोडवून बांधला गेला तेव्हा तोडे मोडणारी बाई बुडाली. एकाच घरात शेत आणि तोडे दोन्ही असायचे.

वाचकांना एक विनंती. आकड्यांची पानं गाळू नका. एखादा जुना रुपया घरात असेल तर तो समोर ठेवून वाचा. अकरा ग्रॅम सहासष्ट सेंटिग्रॅम, हे त्याचं कोरं असतानाचं वजन. आमच्या माळेतले रुपये कड्या धरूनही त्याला पुरे पडत नाहीत, इतके ते झिजलेत. मागच्या दिवाळीत आत्यांमध्ये ती माळ वाटायची ठरली होती. सराफाने एकेक रुपया पुसून तागडीत ठेवला, आजचा भाव सांगितला. मोठ्या आत्याने भाव ऐकला, माळ उचलली आणि म्हणाली, हिला तोडायचं नाही, एकेक वर्ष एकेकीकडे राहील. यंदा ती आमच्याकडे आहे.

देवपूर, धुळे